सवतीच्या टाकावरचे ओठ

भूत, करणी, उतारा... असल्या गोष्टींना मी जन्मभर नाक मुरडलं, आजही मुरडतो. पण एक चव आहे, ती आठवली की अजून थुंकावंसं वाटतं.

जर्मनची लढाई संपली त्या साली साताऱ्यात माझं चित्रांचं दुकान होतं. फोटो स्टुडिओ निघाले आणि आमचा धंदा बसला. उरलं एकच काम — फोटो बघून हस्तिदंताच्या नखाएवढ्या तुकड्यावर चेहरा रंगवायचा, लॉकेटात बसवायचा. खारीच्या केसांचा ब्रश ओठांत धरून त्याला टोक काढायचं. रंग पोटात जायचा, पण चव म्हणाल तर नुसती डिंकाची.

माझ्या मेहुणीचं, सुमनचं, लग्न कोरेगावच्या एका बिजवराशी ठरलं. पहिली बायको वारली असेल तर दुसरीनं तिचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरची छबी, गळ्यात घालायचा, म्हणजे सवत छळत नाही. नवरदेव पाहुणे स्वतःच दुकानात येऊन म्हणाले, "चांदीचा नगं, फोटोवरनं रंगीत काढा." आणि फोटो कसला दिला? मेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला! "डोळं तेवढं उघडा."

विचारलं, डोळे काळे की घारे?

"त्ये कोण बघतंय?"

शी! पाच वर्षं संसार केला होता या माणसानं.

कपाळ, डोळे, साडी झाली. ओठांना ब्रश लावला, पुन्हा टोक काढायला तोंडात धरला... आणि तोंड कडूजहर! जीभ बधिर. ब्रश बदलला, रंग नव्यानं घोटला. साडीला तोच लाल, काही नाही. ओठांना टेकवला की कडू. तीनदा ओकलो. "आवं, पित्त झालंय तुमास्नी," म्हणत बायकोनं जिभेवर लावून पाहिला आणि मोरीकडे पळाली. चित्रातले ओठ तेवढे मी पुसून टाकले.

तिसऱ्या दिवशी पाहुणे टाक न्यायला आले. चवीचं मी अवाक्षर काढलं नाही. ब्रश पुढे केला. "पाव्हणं, ओठ राहिलेत. माझे हात भरलेत, जरा तोंडात धरून टोक काढा."

ते मागे सरले. "न्हाई, न्हाई! लय कडू असतंय त्ये!"

"कडू? कुणी सांगितलं तुम्हाला?"

घामानं थबथबले. टोपी तिथंच टाकून गेले. पहिली कशानं गेली ते मी ओळखलं आणि त्याच दिवशी लग्न मोडलं.

सोन्यासारखं स्थळ घालवलं म्हणून सासऱ्यांनी वर्षभर माझा उद्धार केला. सुमन दुसरीकडे सुखानं नांदली. ती चव कुठून आली, ते आजही मला सांगता येत नाही. टाक माझ्याच पेटीत आहे. त्या बाईला ओठ द्यायची माझी छाती झाली नाही.