बोटांवरचे काळे डाग

"हात खाली घे. पाहुण्यांना वाटेल, कोळसा फोडून आलीस."

माझे गाईड असलेले सर हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञांच्या चहाचा ट्रे होता. परभणीतल्या आमच्या विभागात चहा मुलींनीच द्यायचा, मग ती पीएच.डी. करणारी का असेना. सगळे हसले.

डाग सिल्व्हर नायट्रेटचे होते. ते धुऊन जात नाहीत. कातडी निघते तेव्हाच जातात. मी हातमोजे मागितले होते. "तुझे आईबाप मोजे घालून ऊस तोडतात का?" सरांनी विचारलं होतं.

माझं काम कापसावर. देशी आणि अमेरिकन कापसाचा संकर करून त्याची गुणसूत्रं दुप्पट केलेली. पेशीत प्रथिनं बनवतात ती रायबोसोम. या झाडात त्यांची जनुकं दोन्ही वाणांकडून येतात, पण चालतात एकाचीच. मुळाच्या टोकाला याच सिल्व्हर नायट्रेटचा रंग दिला की चालू जनुकांच्या जागी काळे ठिपके दिसतात. गप्प केलेली कोरी राहतात. आमच्या संकरात देशी बाजू कोरी होती. रोपांना एक रसायन दिलं, तेव्हा तिथंही ठिपके उमटले. म्हणजे जनुकं शाबूत होती. दाबून ठेवलेली.

चहानंतर हेच मी मांडणार होते. सरांनी माझा पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि माझ्यानंतर पीएच.डी.ला आलेल्या, एका बागायतदाराच्या मुलाला दिला.

"तो बोलेल. तुझं हाय-न्हाई ऐकून पाहुणे हसतील."

तो बोलला. चांगलं बोलला. फोटो माझे होते.

एका पाहुण्यांनी विचारलं, "स्लाइड कुणी केल्या?"

"आमच्या टीमनं," सर म्हणाले.

मी मागच्या रांगेत उभी राहिले. दोन्ही हात वर केले.

"म्या केल्यात. एकटीनं. हे डाग तेचेच हायेत."

"बस खाली."

शेजारची मैत्रीण ओढणी ओढत कुजबुजली, "बस की गं बाई. गाईड हाय तुझा."

"न्हाई बसत. पुढचं मीच सांगते, सर."

सरांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला. पाहुणे जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेची चावी माझ्याकडून काढून घेतली.

मी विद्यापीठाच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे. उत्तर नाही. रोज जाऊन विचारते. बोटं आता स्वच्छ होत आली आहेत, हे मला सहन होत नाही. चावी मिळवीन आणि बोटं पुन्हा काळी करीन. त्या स्लाइडवर मीच बोलणार, हाय-न्हाईसकट. चहाचा ट्रे मात्र पुन्हा उचलणार नाही.