दूध कट्ट्यावरचं ध्यान

ध्यानाच्या शिबिरातून मी एकच गोष्ट घरी आणली होती. राग आला की डोळे मिटायचे, श्वासाकडं बघायचं आणि राग ओसरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कोल्हापुरात हे जमवायचं म्हणजे अवघडच, कारण आमच्याकडं प्रेमानं केलेली चौकशीसुद्धा भांडणासारखी ऐकू येते.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दूध कट्ट्यावर गेलो. तिथं म्हशीची धार थेट ग्लासात काढून देतात आणि माणसं उभ्यानंच फेसासकट पितात. माझा नंबर आला, तेवढ्यात खांद्यावर टॉवेल टाकलेला एकजण मध्येच घुसला आणि माझा ग्लास घेऊन मोकळा झाला. माझे कान तापले. मी डोळे मिटून घेतले आणि श्वासाकडं बघत उभा राहिलो.

"पावणं शिव्या का देईनात?" गवळी घाबरून ओरडला. "चक्कर आली वाटतं! धरा, धरा!"

लोकांनी मला धरून खाली बसवलं. एकानं डोक्यावर पाणी ओतलं. दुसऱ्याला वाटलं, फिट आली. त्यानं पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. टॉवेलवाला तर टॉवेलनं वारा घालत तोच ग्लास माझ्या तोंडाला लावायला लागला.

"मला काय बी झालेलं न्हाय! सोडा की!" मी बोंबललो.

"आला, शुद्धीवर आला!" सगळे खूश झाले.

शिबिरात सांगितलं होतं, नुसतं बघत राहिलं की राग आपोआप विरघळतो. विरघळला खरा. ओठावर दुधाचा फेस आणि नाकाला चप्पल असताना तो बिचारा थांबणार तरी कुठं?