ओहोटीचं पाणी

कराडच्या एस.टी. स्टँडवर दादांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि खाली उतरून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "मुलगी एम.एस्सी. झालीय. पर्यावरण." तो म्हणाला, "म्हणजे झाडं लावायची का?" दादांनी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कंडक्टरनं घंटी दिली.

दादा, म्हणजे माझे वडील, छापखानेवाले. संपाची, धरणग्रस्तांची, हुंडाविरोधाची पत्रकं आमच्या ट्रेडल मशीनवर निघायची आणि मी त्यांच्या प्रुफांवर अक्षरं गिरवली. माझ्या पहिलीच्या वहीत 'कमळ'च्या आधी 'धिक्कार' आहे. गाडी सुटताना दादा खिडकीशी धावत म्हणाले, "छापून गेलेलं परत येत नाही, नंदा. सही करण्याआधी दोनदा वाच." आई मागून ओरडली, "आणि जेवत जा!"

तुम्ही कराडात मागे राहिलेले आणि माझ्यासारखे निघालेले, सगळेच पत्रातून एकच विचारता: त्या डिग्रीचं पुढे होतं काय? आमच्या वर्गातला एक साखर कारखान्याचं सांडपाणी बघतो. एकजण कॉलेजात तासावर शिकवतो. दोघी वनखात्याच्या परीक्षा देतायत. एकानं वडिलांचं खतांचं दुकान धरलं आणि तो सुखी आहे. मी नवी मुंबईत एका खासगी लॅबमध्ये पाणी तपासते. कारखाने आपल्या सांडपाण्याचं सॅम्पल आमच्याकडून तपासून घेतात, त्या रिपोर्टवर तपासणाऱ्याची सही लागते. ती सही माझी. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की.

खोली शिरवणे गावात मिळाली, जनाकाकींकडे. त्यांची भातशेती आणि मिठागर शहराच्या सेक्टरांखाली गेलं. त्या जागी आता सोसायट्या आहेत आणि काकींकडे चार भाडेकरू. पण ओहोटी लागली की काकी अजून पदर खोचून खाडीच्या चिखलात उतरतात आणि निवट्या, चिंबोऱ्या, म्हणजे चिखलातले मासे नि खेकडे, घेऊन येतात. मी घाटावरची, चिंबोरी कशी फोडायची तेही त्यांनीच शिकवलं. "तुमच्याकरं काय, नुसती भाकरीच फोरतात काय गो?" असं विचारून त्या पोट धरून हसल्या होत्या.

पाचव्या महिन्यात एका रसायन कारखान्याचं काम माझ्याकडे आलं. त्यांचा नाला खाडीला मिळतो, तिथलं सॅम्पल घ्यायचं. कारखान्याची जीप सकाळी अकराला न्यायला आली. नाल्यात पाणी काठोकाठ होतं. मी बाटली भरली, जागेवरच रसायन टाकलं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. छान तपकिरी साका बसला. बाकीच्या तपासण्याही आठवड्याभरात पास झाल्या. मी सही केली आणि संध्याकाळी काकींना आनंदानं सांगितलं, "काकी, तुमचा नाला साफ आहे!"

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कंच्या दिवशी आनलंस पानी?"

"गेल्या मंगळवारी. अकरा वाजता."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "मंगळवारी पुनव व्हती. पुनवेला नि अवसेला अकरा-बाराला भरती चढते. तू खारीचं पानी नेलंस, बाय. नाल्याचं पानी मागं दबून ऱ्हातं. एवरी शिकलीस, नि भरती नाय बघलीस?"

मी कृष्णा-कोयनेच्या काठची. आमची नदी वरून येते आणि खाली जाते. पाणी उलटंही चालतं, हे मला पुस्तकात माहीत होतं. पायाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॅबचं जुनं रजिस्टर काढलं आणि कॅलेंडरशी ताडून पाहिलं. या कारखान्याची वर्षभरातली प्रत्येक खेप पौर्णिमेची नाहीतर अमावस्येची. वेळ तीच, अकरा. माझी चूक अडाणीपणाची होती. जीप पाठवणाऱ्याचा मात्र अडाणीपणा नव्हता; अडाणीपणा इतका नेमका नसतो.

रिपोर्ट अजून लॅबच्या साहेबांच्या टेबलावर होता. मी तो उचलला आणि माझ्या सहीवर रेघ मारली.

"अरे, ये क्या कर रही है?" साहेब उठलेच. "तीन वर्षं अकराचा टाइम चालतोय, कोणी बोललं नाही. उगाच टेन्शन कशाला घेते तू? पुढच्या महिन्यात पक्की होणार आहेस."

"सर, हा रिपोर्ट खाडीचा आहे. नाल्याचा नाही."

"पार्टी गेली तर?"

"तर जाऊ दे, सर. माझी सही नाही जाणार."

शेवटी ते म्हणाले, "आठ दिवस देतो. दुसरं सॅम्पल आण. तेही पास झालं तर सामान आवरायचं."

मी लगेच निघणार होते. काकींनी अडवलं. "आता भांग हाय, भरती-ओहोटीला जोर नाय. पानी धर उतरनार नाय. अवसेपातूर थांब." म्हणजे आठातले सात दिवस नुसते बसून काढायचे. काढले.

अमावस्येला सकाळी सहाला आम्ही दोघी नाल्यावर गेलो. खाडी मागे सरकली होती. तळाशी जांभळट धार वाहत होती आणि वासानं डोळे चुरचुरत होते. काकी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ह्यो आमचा नाला. वलख करून घे." मी गुडघाभर चिखलात उतरले, बाटली भरली, रसायन टाकलं. पांढरा साका. चुन्यासारखा पांढरा.

साहेबांनी दोन्ही बाटल्यांचे आकडे शेजारी शेजारी वाचले आणि म्हणाले, "जा, टाइप कर." दोन्ही रिपोर्ट भरती-ओहोटीच्या वेळेसकट गेले, खाली माझी सही. महिन्याभरात तो कारखाना दुसऱ्या लॅबकडे गेला. माझी पक्की नोकरी सहा महिने पुढे ढकलली. नाला आजही साफ नाही. खोटं कशाला सांगू? पण आमच्या लॅबच्या छापील फॉर्मवर आता 'भरती / ओहोटी' असा एक रकाना आहे. तो भरल्याशिवाय सॅम्पल कोणी हातात घेत नाही, साहेबही नाही. डिग्रीचं पुढे काय होतं, असं विचारलंत ना? माझ्या डिग्रीचा एक रकाना झाला. मला त्याचा अभिमान आहे.

परवा घरी कळवलं, सुट्टी मिळालीय, अमावस्या झाली की निघते. आईचं पत्र आलं: शेवटी पोरगी तिथी पाळायला लागली, देव पावला. त्याच पाकिटात दादांची वेगळी चिठ्ठी, टाक दाबून लिहिलेली: शास्त्र शिकायला धाडली आणि अमावस्येला भिऊ लागलीस? हेच शिकलीस का तिथं?

दोघांनाही एकाच कार्डावर उत्तर टाकलं. 'भीत नाही, दादा. पाळतही नाही, आई. आमच्याकडे अमावस्येला पाणी सगळ्यात खाली उतरतं, तेव्हा कामाचा दिवस असतो.'

कार्ड पेटीत टाकल्यावर लक्षात आलं, मी 'इकडे' नाही, 'आमच्याकडे' लिहिलं होतं. छापून गेलेलं परत येत नाही. आणि हे मला परत नकोही होतं.