रस्त्यावरून दिसणारी शेड

आप्पा गेल्याचं मला मांजरसुंब्याच्या धाब्यावर कळलं. सांगणाऱ्यानं भजी खाता खाता सांगितलं आणि पुढची प्लेट मागवली. तेव्हापासून महिनाभर चौकाचौकात त्याचे 'विकासपुरुष' असे फलक बघतोय. शाळेपासूनचा मित्र म्हणून शोकसभेत मलाही बोलायला उभं केलं. दोन गुळमुळीत वाक्यं बोलून बसलो... खरं बोललो असतो तर हारवाल्यांनी मला उचलून बाहेर टाकलं असतं. म्हणून इथं लिहितो.

दुष्काळात शेतं जळायची, पण आमच्या शिरूरकडच्या डोंगरात रानची सीताफळं तरीही यायची. बायांनी ती वेचावी, गर काढून विकावा आणि ऊसतोडीला न जाता घरी राहावं, ही कल्पना आप्पाची नव्हे, त्या बायांतल्याच सकूबाईची. तिला पोराची शाळा मोडू द्यायची नव्हती. आप्पानं फक्त सहकारी संस्था काढली आणि स्वतःला अध्यक्ष करून घेतलं.

गर काढायची शेड कुठं बांधायची, यावर सभा झाली. "डोंगराखालीच बांधा की आप्पा," सकूबाई म्हणाली, "पिकल्यालं फळ लई नाजूक हाय. टेंपोत टिकायचं न्हाई." आप्पानं मान डोलावली आणि शेड हमरस्त्याला बांधली. मी विचारलं तर म्हणतो, "मंत्री काय डोंगरात येनार हाय का बे? रस्त्यावरून दिसलं पायजे!"

दिसलं. उद्घाटनाला फेटे दिसले, कॅमेरे दिसले. फळांचा मात्र खड्ड्यांतून येईपर्यंत चिखल झाला होता. पुढच्या हंगामात बाया पुन्हा उसाच्या फडात गेल्या. सकूबाईसुद्धा गेली, पोराला घेऊन. आप्पा रिकाम्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला ग्रामविकास शिकवायचा, सीताफळ खायचा आणि बिया मागच्या खिडकीतून थुंकायचा. इतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि तरी रोज त्याच्याकडे जायचो... "ये बे" म्हणत तोंडभर हसायचा, त्याला काय करणार!

परवा शेडच्या मागं गेलो. त्या खिडकीखाली सीताफळीची दाटी झालीय. आप्पानं जन्मात लावलेली एवढीच झाडं, तीही थुंकून. यंदा लगडलीत, पिकून खाली पडताहेत. तोडायला कुणी नाही. सकूबाई फडात आहे, आणि ज्या पोराची शाळा तिला मोडू द्यायची नव्हती, तो यंदा बायकोला घेऊन स्वतःच्या कोयत्यानं ऊस तोडतोय.