जालन्याहून दिवाण आणला तेव्हा

पंचाहत्तरच्या आसपास आमच्या जाफराबादच्या मास्तर मंडळींत सनमायकाची साथ आली. एकाने शोकेस केलं, दुसऱ्याने फोमचा सोफा. मला मात्र दिवाण हवा होता, भिंतीला लावायचा, गादी-लोडांचा. कारण माझे वडील, अण्णा. गुडघे धरलेले, जमिनीवरून उठताना डोळ्यांत पाणी यायचं, पण खुर्चीला शिवायला तयार नाहीत. खुर्ची साहेबांची, म्हणायचे. शेवटी एका शनिवारी मी आणि माझी बायको सुमन, आम्ही सकाळची एसटी धरली.

भोकरदनपर्यंत रस्ता कमी आणि धूळ जास्त. राजूरला गाडी थांबली की गरम भजी खावीत, तुम्ही आज गेलात तरी. जालन्यात रशीदभाई सुतारांच्या दुकानात आम्ही हरखूनच गेलो. निमुळत्या पायांची टेबलं, हुबेहूब सागवानासारखा सनमायका! सुमनने एकूण एक गादी दाबून पाहिली. पसंत पडलेल्या दिवाणाचं पॉलिश ओलं होतं, म्हणून स्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम पडला. जाफराबादला निघालेल्या कंडक्टरजवळ मी निरोप दिला: अण्णांना सांगा, उद्या दिवाण घेऊन येतो.

दुसऱ्या दिवशी पाय काढून दिवाण एसटीच्या टपावर चढवला. आमच्या तिकिटांपेक्षा त्याचंच भाडं जास्त झालं.

घरी पोचलो तर दारात सडा-रांगोळी. अण्णा धुतलेल्या धोतरात, हात जोडून दाराबाहेर उभे. ओसरीवर शाळेतून मागून आणलेली खुर्ची, आत शेजारच्या काकूंनी केलेल्या पुरणपोळ्या. तरुणपणी अण्णा जहागीरदाराकडे राबले होते. दिवाण म्हणजे तिथला कारभारी, एवढंच त्यांना ठाऊक. दिवाण उचलून आणणाऱ्या हमालांच्या मागे बघत ते हळूच म्हणाले, "दिवाणसाहेब दिसून न्हाई राह्यले. मागच्या गाडीनं येणार हायेत का?"

सुमन हसता हसता खालीच बसली. मी पाय जोडून दिवाण भिंतीला लावला, गादी टाकली आणि म्हणालो, दिवाण तो हाच. अण्णा दोन पावलं मागे सरले. आता हे यावर कधीच बसणार नाहीत, असं वाटलं. मग त्यांनी गादीवरून हात फिरवला.

"म्हंजे दिवाणावर बसायचं असतंय? मी तर सारी उमर त्याच्यापुढं उभा राह्यलो."

आणि बसले. लोडाला टेकून, पोट धरून हसले. पुरणपोळ्या त्यांनी तिथंच खाल्ल्या, आम्हीही.

पुढे घरात सोफा आला, स्टीलचं कपाट आलं. पण त्या प्रवासातून खरं काय आणलं म्हणाल, तर अण्णांची एक सवय. मजूर असो की मास्तर, कुणाला ते जमिनीवर टेकू द्यायचे नाहीत. सरकून जागा करायचे आणि म्हणायचे, "इथं बस. ह्या दिवाणाला बिलकुल राग येत न्हाई."