मागून म्हणणारी माणसं

आमच्या वस्तीत बुद्धवंदना सगळ्यांना येत होती आणि सुरू कुणालाच करता येत नव्हती. कुणाला सांगितलं तर हसतात. हसोत बापडे.

छप्पन साली माझा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि वंदना कानात भरून आला. लिहिता-वाचता त्याला येत नव्हतं. वंदनेची पाली भाषा तर आमच्या कुणाच्या बापजन्मी ऐकलेली नव्हती. त्याने सगळ्यांना आमच्या अंगणात बसवलं, स्वतः पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी म्हनतो, तुम्ही मागून म्हना." तेव्हा मी परकर-पोलक्यातली होते. माझं लग्न झालं, मला लेकरं झाली, तरी तीच पद्धत. लग्न असो, नाव ठेवणं असो, मयत असो, बाप एक तुकडा म्हणायचा आणि वस्ती तो तुकडा मागून म्हणायची. तो दम घ्यायला थांबला की वस्ती थांबायची. बाजूच्या गावातसुद्धा कार्य निघालं की बंडी जुंपून त्यालाच घेऊन जायचे.

आम्हाला वाटायचं, आपल्याला सगळं पाठ आहे. होतंही पाठ. पण त्याचा आवाज आधी कानावर पडला तरच ते तोंडातून निघायचं. आमच्या जोडीतला डावा बैल उजवीकडे जुंपला की जागचा हलायचा नाही, तसलाच प्रकार. कुणी दुसऱ्याने सुरू करून बघावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही आणि आमच्या तर नाहीच नाही. तो होता ना! मग कशाला?

शेती होती खाप्याकडे, कन्हान नदीच्या अंगाला. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर, थोडी ज्वारी. तो वस्तीचा पुढारी होता, पण पुढाऱ्यासारखा बसून राहिलेला मी त्याला पाहिला नाही. भांडण घेऊन कुणी शेतावर आलं तर तो वखर सोडायचा नाही. "चाला मांगं मांगं, सांगा चालता चालता," म्हणायचा. दोघं भांडणारे ढेकळांतून ठेचकाळत त्याच्या मागून चालायचे, एक या तासातून, एक त्या तासातून. शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. उन्हाने आणि धुळीने त्यांचाच जीव मेटाकुटीला यायचा. मग बाप बैल थांबवून विचारायचा, "आता सांगा, कायचं भांडन होतं?" बऱ्याचदा त्यांनाच धड सांगता यायचं नाही. माझ्या सासरी उमरेडला लोक पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगायचे, भाषणं आणि हार-तुरे. मी गप्प बसायची. आमच्या पुढाऱ्याच्या अंगाला बैलांचा वास यायचा, हे तिथे काय सांगणार?

एकच गोष्ट तो बजावून सांगायचा. घरात त्याची मोठी बहीण होती, माझी आत्या, विधवा. दीक्षेनंतर बापाने घरातले देव नदीत सोडले तेव्हा ती महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती. तिच्याकडे बघूनच तो म्हणायचा, "मी मेलो त माह्या नावानं कावळ्याले हाका नका मारू. जुनं काहीच नोको. वंदना म्हना अन् न्या मले." आत्या तोंड फिरवायची. आम्ही म्हणायचो, हो हो. वंदना म्हणायची म्हणजे काय कठीण आहे!

कापूस वेचणीच्या दिवसांत तो गेला. वेचणाऱ्या बाया जेवायला बसल्या, हा आला नाही. धुऱ्यावर आडवा सापडला, दुपट्टा डोक्याखाली नीट घडी करून. झोपला असेल म्हणून एकीने हाक मारली. मग दुसरीने हलवून पाहिलं.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या कंडक्टरकरवी निरोप आला. उमरेडहून नागपूर, नागपूरहून दुसरी गाडी. नागपूरच्या स्टँडवर गाडीला वेळ होता, म्हणून मी संत्री घेतली आणि खिडकीशी बसून खाल्ली. गोड होती. बिया मी खिडकीबाहेर थुंकत होते आणि माझ्या आत काही म्हणजे काही होत नव्हतं. शेजारच्या बाईने विचारलं, माहेरी चालल्या का? म्हटलं, हो. कशाला म्हणून विचारलं नाही तिने. विचारलं असतं तरी मी तितक्याच सरळ आवाजात सांगितलं असतं. सावनेरच्या पुढे मला झोपसुद्धा लागली.

अंगणात वस्ती जमलेली, बाजूच्या गावचेही आलेले. बापाला बाजेवरून खाली घेतलेलं, पांढरं घातलेलं. बाया गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठी थोपटल्या. कुणाची तरी म्हैस अंगणाच्या कोपऱ्यात रवंथ करत होती, मी तिच्याकडेच बघत होते.

माझा भाऊ कोळशाच्या खाणीत कामाला होता. तो सकाळीच नागपूरला विहारातल्या भंतेजींना आणायला गेला होता. ते परगावी गेलेले, म्हणून हा एकटाच परत आला. "आपनच म्हनून घेऊ," कुणीतरी म्हणालं. "येते ना साऱ्यायले."

सगळे उभे राहिले. हात जोडले. आणि वाट बघू लागले.

ते थांबणं मला अजून आठवतं. इतकी माणसं, सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे हात जोडलेले, आणि कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही. प्रत्येकाला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल, मग आपण म्हणू. भावाने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. माझ्याकडे वळून रडवेला होत म्हणाला, "तोंडावर आहे वं, पन निघूनच नाही राहिलं." बापाच्या बरोबरीचा एक म्हातारा होता, दीक्षेला त्याच्यासोबत पायी गेलेला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बिचारा शरमून म्हणाला, "आपल्याले त मागूनच येते, बाप्पा." बाजूच्या गावच्या लोकांकडे पाहिलं, तर ते आमच्याकडे बघत होते. ज्याला यायचं तो खाली निजला होता.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. "काहून थांबले गा सारे? मुक्यानंच नेता का माह्या भावाले?"

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"नसन येत तुम्हाले त मी घेतो माह्या देवाचं नाव. जाताना मानसाच्या कानावर कोनाचं तरी नाव पडा लागते का नाही?"

तिचं काय चुकलं होतं? तिचा भाऊ होता तो. ती पुढे आली, त्याच्या उशाशी बसली, पदर डोक्यावरून घेतला. आणि तिला अडवायला एकही मायचा लाल पुढे होईना. जन्मभर एक गोष्ट मागितली त्याने, फक्त एक, आणि ती अशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोडणार होती, कारण आम्ही सगळे मेंढरांसारखे कुणाच्या तरी मागे जायला उभे होतो. मला दुःख नव्हतं, पण राग आला. भयंकर राग आला. भावाचा, त्या म्हाताऱ्याचा, वस्तीचा आणि खरं सांगायचं तर बापाचा सगळ्यात जास्त. अरे, एकाला तरी शिकवायचं होतंस ना पुढे उभं राहायला!

मी आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रागातच पहिला तुकडा म्हटला.

तो माझा आवाज नव्हता. बापाची लकब, बापाचा हेल, तो शेवटचं अक्षर जिथे ओढायचा तिथेच ओढलं. आणि अंगण मागून म्हणालं. एकदम, दणक्यात. भाऊ म्हणाला, म्हातारा म्हणाला. मी दुसरा तुकडा म्हटला, तिसरा म्हटला. आत्या तशीच उशाशी बसून होती, ओठ घट्ट मिटून, पण उठून गेली नाही. बाईमाणूस पुढे उभं आहे म्हणून कुणी नाक मुरडलं नाही, तेवढी फुरसतच नव्हती कुणाला. लोक डोळे मिटून, बुडता बुडता काठ सापडावा तसे म्हणत होते. मला मात्र अजूनही काही होत नव्हतं. पुढचा तुकडा कोणता, एवढंच डोक्यात होतं. मी म्हणत होते, ते म्हणत होते, म्हणजे आपलं काम चाललं आहे.

आणि मग मी अडले.

पुढचं आठवेना. पार पुसून गेलं. लहानपणीही त्याच जागी मला गोंधळायला व्हायचं, आणि तेव्हा मी एकच करायची, मान वर करून बापाकडे बघायची. तो ओठ हलवून दाखवायचा. सवयच ती. मी त्याच्याकडे पाहिलं. फक्त या वेळी मान खाली करावी लागली. तोंड उघडं होतं जरासं. ओठ कोरडे होते. मी त्या ओठांकडे बघत थांबले, हलायची वाट बघत, सगळ्या वस्तीसमोर, किती वेळ कोण जाणे. मग माझ्या तोंडून निघालं,

"ऊठ ना गा, बाबा."

मोठ्याने निघालं, त्याच हेलात. आणि हात जोडलेलं, मान खाली घातलेलं सगळं अंगण, म्हातारेकोतारे, बाया, बाजूच्या गावचे लोक, कापूस वेचणाऱ्या, उशाशी बसलेली माझी आत्यासुद्धा, एका आवाजात मागून म्हणालं,

"ऊठ ना गा, बाबा."

कुणी डोळे उघडले नाहीत. सगळे पुढच्या तुकड्याची वाट बघत उभे होते.