मोहाखालची झाडलेली जमीन

सागाची वाळकी पानं चाकाखाली पापडासारखी मोडत मी उतारावरून सुसाट येत होते, तेवढ्यात समोर मोहाचं झाड आलं. खालची जमीन अंगणासारखी झाडलेली आणि तिच्यावर टपोऱ्या फुलांचा सडा. मागच्या उन्हाळ्यात याच सड्यावरून मी सायकल दामटली होती. फुलं वेचणाऱ्या म्हातारबाई चिरडलेली फुलं बाजूला काढत राहिल्या होत्या. जे जंगल मला रिकामं वाटायचं, ते त्यांनी पहाटे उठून झाडलेलं होतं.

यंदा मी करकचून ब्रेक दाबले, सायकल खांद्यावर घेतली आणि काट्याकुट्यांतून वळसा घातला. टोपलीवरून मान वर करून त्या म्हणाल्या, "आता आली तुले सायकल चालवता!"

इतके घाट चढले, पण छाती अशी कधी फुगली नव्हती.